कार्ड पुरात गेलं, दंड तर जागेवर आहे

प्रश्न : मावशी, मी पलूस तालुक्यातली, जन्म मार्च २००४. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष संपत आलंय आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यापीठात एम. एस.ला प्रवेश मिळालाय. ऑगस्टच्या मध्यावर निघायचंय. विद्यापीठाने लसीकरणाचा फॉर्म पाठवलाय : एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) दोन डोस, कांजिण्यांचे दोन, हिपॅटायटिस बीचे तीन, टीडॅपचा एक, मेनिंजायटिसची लस, शिवाय टीबीची तपासणी. पुरावा दिला नाही तर कोर्सची नोंदणी अडवतात म्हणे. माझं लहानपणीचं कार्ड २०१९ च्या पुरात गेलं. आईला आठवतंय ते एवढंच : नवव्या महिन्यात उपकेंद्रात गोवराची लस, २०१८ ला शाळेत एक इंजेक्शन आणि मी चौथीत असताना आलेल्या कांजिण्या. आई रोज स्वतःला बोल लावते, 'गहू माळ्यावर चढवला आणि पोरीचा कागद खाली ठेवला.' गावातले डॉक्टरकाका म्हणतात, 'आण फॉर्म, मागच्या तारखा टाकून सही करतो.' कन्सल्टन्सीतला माणूस तेच काम दोन हजारांत करून देतो म्हणाला. माझ्या ओळखीतल्या दोघांनी तसंच केलंय. मी काय करू?
— कृष्णाकाठची

कृष्णाकाठचे, सगळ्यात आधी आईला हे सांग : ते कार्ड माळ्यावर गव्हाशेजारी कोरडं राहिलं असतं, तरी तुझा फॉर्म त्यावर भरला नसता.

मी तिची समजूत काढत नाहीये, हिशेबच तसा आहे. अमेरिकेत एमएमआरचा पहिला डोस मोजला जातो तो बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला किंवा त्यानंतर दिलेला. त्याआधीचा जमेत धरत नाहीत. तुला गोवराची लस नवव्या महिन्यात टोचली, म्हणजे कार्डावर सिस्टरची सही आणि शिक्का सगळं असूनही तिकडच्या खात्यात शून्य. यात उपकेंद्राची काही चूक नाही. आईच्या पोटात असताना बाळाला मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिने त्याच्या रक्तात टिकते आणि लसीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूलाही ती काम करू देत नाही. त्यामुळे नवव्या महिन्यात ही लस शंभरातल्या साधारण ८५ बाळांना लागू पडते, वर्षानंतर दिली तर ९५ ना. मग आपण नवव्या महिन्यातच का देतो? कारण आपल्याकडे गोवर बाळाच्या वाढदिवसाची वाट बघत नव्हता. त्या वयातली मुलं दगावायची. शंभरातल्या आणखी १० बाळांना लस लागू पडली नाही तरी चालेल, पण लस लवकर द्या, हा आपला निर्णय होता आणि आपल्या गावांसाठी तो बरोबर होता. तिकडच्या शहरांसाठी त्यांचा बरोबर आहे. तू या दोन बरोबरांच्या मधे सापडली आहेस.

आता शाळेतलं इंजेक्शन. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची मोहीम झाली होती, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांसाठी. तू तेव्हा नववीत, चौदा वर्षं आठ महिन्यांची. चार महिन्यांनी थोरली असतीस तर सुटली असतीस. मला ती मोहीम चांगली आठवते. व्हॉट्सअपवर नको नको त्या अफवा फिरत होत्या, काही पालकांनी मुलांना त्या दिवशी घरीच ठेवलं, आणि आम्ही डॉक्टर मंडळी पालकसभांमध्ये घसा कोरडा करत होतो. तुझ्या आईने तुला पाठवलं. आता ती कागदाचं रडगाणं गात असेल तेव्हा तिला याची आठवण दे. तो डोस मोजला जाईल असाच होता, फक्त त्याचा कागद हवा. शाळेत चौकशी कर, प्राथमिक आरोग्य केंद्रातही कर, पण फार आशा ठेवू नकोस. आणि कागद सापडला तरी एक उणीव राहतेच. त्या लसीत गोवर होता, रुबेला होता, गालगुंड नव्हता. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाहीच. एमएमआरमधला मधला 'एम' तो गालगुंडाचा.

'गालगुंड काय, सगळ्यांनाच होतं,' असं आई म्हणेल. तिकडे त्याची धास्ती आहे, कारण हा रोग कॉलेजांमध्येच पसरतो. एकाच वसतिगृहात, एकाच मेसमध्ये शेकडो तरुण मुलं, एकमेकांच्या बाटल्यांतून पाणी पिणारी. २०१६ मध्ये हार्वर्डमध्ये गालगुंडाची साथ आली होती, आणि तीही लस घेतलेल्या मुलांमध्ये. गोवराचंही तेच. अमेरिकेत दुसऱ्या डोसची शिफारस झाली ती १९८९ साली, एका डोसनंतरही शाळा-कॉलेजांत साथी येत राहिल्या तेव्हा. २००० साली त्यांनी गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं, आणि २०२५ च्या सुरुवातीला पश्चिम टेक्सासमध्ये तो पुन्हा उफाळला. म्हणजे हा फॉर्म नुसता परदेशी मुलांना छळण्यासाठी काढलेला नाही. तिथल्या मुलांनाही तो भरावा लागतो.

मग तू काय करायचं? जुना कागद शोधणं थांबवायचं आणि एमएमआरचे दोन्ही डोस नव्याने घ्यायचे. दोन डोसांत पूर्ण २८ दिवसांचं अंतर. 'महिनाभर' असं मोघम नको, कॅलेंडरवर दिवस मोज, २७ व्या दिवशी जाऊ नकोस. आधी घेतलेली लस पुन्हा घेतल्याने काही बिघडत नाही. शरीरात ताकद आधीच असेल तर ती येणारा दुबळा विषाणू लगेच निकालात काढते, इतकंच. ही लस तुझ्या गावापासून चार-पाच तासांवर, पुण्यात हडपसरला सिरममध्येही बनते. ती घेतल्याचा पुरावा मात्र आपण सातासमुद्रापलीकडे द्यायचा आणि त्यासाठी कोण्या कन्सल्टन्सीवाल्याला दोन हजार मोजायचे, याची मला गंमत वाटते.

कुणीतरी सांगेल, रक्त तपासून घे, प्रतिकारशक्ती असेल तर लसच नको. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिघांच्या आयजीजी, म्हणजे रक्तातली प्रतिकारशक्ती बघणाऱ्या, तपासण्या होतात आणि विद्यापीठं त्या मान्यही करतात. पण तिन्ही मिळून आपल्याकडे बहुतेकदा लसीपेक्षा महाग पडतात, आणि तिघांपैकी एक जरी कमी आली तरी लस घ्यावीच लागते. तुझ्या बाबतीत गालगुंडाची कमी येण्याचीच शक्यता जास्त. ते पैसे वाचव.

कांजिण्यांचं मात्र उलट आहे. तिथे तपासणी कर. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर रक्तात त्याची खूण सहसा स्पष्ट दिसते, आणि दोन डोसांचा खर्च आणि वेळ वाचतो. आईचं म्हणणंही कमी समजू नको. चौथीत, अंगभर पाण्याने भरलेले फोड, खाली कडुनिंबाचा पाला, आठवडाभर शाळा बंद, असं वर्णन ती देत असेल तर डॉक्टर ते ऐकून कांजिण्या झाल्याचं लिहून देऊ शकतात, आणि मॅसॅच्युसेट्सचा नियम अशी नोंद मानतो. ही नोंद खोटी नाही, ती आजच्या तारखेची, आईच्या सांगण्यावरून केलेली असते. तरी मी म्हणेन रक्ताचा रिपोर्ट लाव. कागदावर आकडा असला की तिकडचा कारकून प्रश्न विचारत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं : क्रम. इथेच मुलं घसरतात.

एमएमआर आणि कांजिण्यांची लस, दोन्ही जिवंत विषाणूंच्या. त्या एक तर एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर त्यांच्यात २८ दिवस ठेवायचे. आज एमएमआर घेतलीस आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला की कांजिण्यांची लसही हवी, तर महिनाभर थांबणं आलं. शिवाय एमएमआरनंतर काही आठवडे टीबीची तपासणी फसवी येऊ शकते, म्हणून ती लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी करायची, नाहीतर चारेक आठवडे थांबून. तेव्हा पहिल्या दिवशी फक्त रक्त दे : टीबी, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी, तिन्हींसाठी. रिपोर्ट हातात येईपर्यंत दंडाला सुई लावू नकोस. तीन-चार दिवसांनी जे लागेल ते एकाच बैठकीत.

टीबीसाठी कोपराखाली हातावर टोचून फुगवटा मोजायची मॅन्टू तपासणी करू नकोस. तुझ्या डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे बाळपणी देतात त्या टीबीच्या लसीचा, व्रण असेल. त्या लसीमुळे मॅन्टू उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि तिकडे एक्स-रे, पुन्हा तपासणी, असा फेरा सुरू होतो. रक्तावरची इग्रा तपासणी कर, लॅबवाले तिला क्वांटिफेरॉन गोल्ड म्हणतात. बीसीजीने तिच्यावर परिणाम होत नाही. फॉर्मवर बघ, ती किती महिन्यांच्या आतली हवी ते लिहिलेलं असतं. आणि समजा ती पॉझिटिव्ह आलीच, तर घरात रडारड नको. आपल्या देशात असंख्य माणसांच्या अंगात टीबीचा जंतू निजलेला असतो. तो निजलेला आहे, जागा नाही, हे छातीच्या एक्स-रेवरून आणि डॉक्टरांच्या तपासणीवरून ठरतं. निजलेल्या टीबीने कुणाला संसर्ग होत नाही, आणि त्यापायी तुझा प्रवेश जाणार नाही. विद्यापीठाचे डॉक्टर फार तर काही महिन्यांच्या गोळ्या सुचवतील. व्हिसाचाही याच्याशी संबंध नाही, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीत लसींचं कार्ड मागत नाहीत.

हिपॅटायटिस बीची लस देशभर सरकारी लसीकरणात आली २०११ साली. तुझ्या बाळपणी ती तुझ्या गावात पोचली होती की नाही, आई सांगू शकणार नाही. रक्ताच्या तपासणीत प्रतिकारशक्तीचा आकडा १० किंवा त्याहून जास्त आला तर झालं काम. नाही आला तर तीन डोस. नेहमीचं वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिने असं असतं, आणि ते ऐकूनच मुलांचा धीर सुटतो. पण किमान अंतरं यापेक्षा कमी आहेत : पहिल्या-दुसऱ्यात ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात ८, आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत १६. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केलीस तर १६ आठवडे भरतात ऑगस्टच्या अखेरीस. तोवर तू तिथे पोचलेली असशील. तिसरा डोस विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात घे. त्यांना आत्ताच एक ई-मेल लिही की पहिले दोन भारतात होतील, तिसरा अमुक तारखेला तुमच्याकडे घेईन, चालेल ना? मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात नोंदणीनंतर ३० दिवसांत राहिलेल्या लसी पूर्ण करण्याची सवलत आहे. तू त्या मुदतीत बसतेस. पण उत्तर लेखी घे आणि जपून ठेव.

टीडॅप एकच. फक्त नाव नीट बघ. खिळा रुतल्यावर घेतो ते धनुर्वाताचं इंजेक्शन, टीटी किंवा टीडी, इथे चालत नाही. टीडॅपमध्ये धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला असे तिघे असतात. खेड्यातल्या दुकानात नसेल तर सांगलीत मिळेल.

मेनिंजायटिसची लस महाग असते, म्हणून फॉर्म पुन्हा वाच. मॅसॅच्युसेट्सचा नियम ती २१ आणि त्याखालच्या मुलांना सक्तीची करतो. तू मार्चमध्ये २२ ची झालीस. विद्यापीठाने स्वतःची वेगळी अट घातली नसेल तर ती तुला ऐच्छिक आहे. मात्र इथे प्रत्येक राज्याचा पाट वेगळा. टेक्सासमध्ये २२ च्या आतल्या नव्या विद्यार्थ्याला ही लस वर्ग सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली लागते. न्यूयॉर्कमध्ये मेनिंजायटिसची माहिती वाचल्याची आणि लस घेतली की नाही याची सही मागतात, आणि गोवराचे दोन पण गालगुंड-रुबेलाचा एकेक डोस त्यांना पुरतो. तेव्हा मैत्रिणीच्या फॉर्मवरून आपला भरू नये.

लस घेतल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसून राहा, उपाशीपोटी जाऊ नकोस. एमएमआरनंतर आठवडा-दीड आठवड्याने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकतं, आणि मोठ्या मुलींपैकी काहींचे चार दिवस सांधे दुखतात. व्हिसाची मुलाखत त्या दिवसांत आली तर क्रोसिन पर्समध्ये ठेव. हे वाचणाऱ्या ज्या मुली लग्न करून जाणार आहेत त्यांनी लक्षात ठेवा : एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसी दिवस गेले असताना घ्यायच्या नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, संकोच नको.

कागदाबद्दल माझी एक फजिती ऐक. माझ्या भाच्याने एमएमआरचे दोन्ही डोस माझ्याच दवाखान्यात घेतले, १० जून आणि ९ जुलैला. मी आपल्या सवयीने लिहिलं १०/०६ आणि ०९/०७. तिकडे महिना आधी लिहितात. त्यांनी वाचलं ६ ऑक्टोबर आणि ७ सप्टेंबर. फॉर्म पोचला जुलैत. म्हणजे दोन्ही तारखा अजून उजाडायच्या होत्या आणि दुसरा डोस पहिल्याच्या आधी पडला होता. भाचा रात्री दोनला मला फोन करून म्हणतो, 'मावशी, तू भविष्यात लस टोचतेस.' तेव्हापासून मी महिन्याचं नाव अक्षरांत लिहिते. तूही तसंच लिहून घे, इंग्रजीत. लसीच्या कुपीवरचं लेबल, बॅच नंबरसकट, कार्डावर चिकटवून घे. डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच. गावाकडच्या रजिस्टरमध्ये तुझी जुनी नोंद सापडलीच तर ती 'सौ. अमुक यांची मुलगी' अशी असेल, बारशाआधीची, आणि ती तूच आहेस हे सिद्ध करण्यात पावसाळा जाईल. फॉर्म अपलोड केला की विसरू नकोस, दोन आठवड्यांत पोर्टलवर मंजुरी दिसायला हवी.

राहिले डॉक्टरकाका. त्यांच्या मनात तुझं वाईट करायचं नाही, हे मला कळतं. माझ्याकडेही अशी मुलं येतात, कधी आमदारांची चिठ्ठी घेऊन. एकदा एका मुलाने तयार करून आणलेलं प्रमाणपत्र मला दाखवलं, फक्त शिक्का मारा म्हणाला. त्यात तो सहा आठवड्यांचा असताना टीडॅप दिल्याचं लिहिलं होतं. टीडॅप तान्ह्या बाळांना देतच नाहीत, त्यांची लस वेगळी. ज्याने पैसे घेऊन ते लिहिलं त्याला एवढंही ठाऊक नव्हतं, आणि तिकडच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सला ते पहिल्या नजरेत दिसलं असतं. मुलगा काढून टाकला जाऊ शकतो, आणि सही करणाऱ्या डॉक्टरची नोंदणी धोक्यात येते. तुझ्या ओळखीतल्या दोघांचं खपलं असेल. पण वर्षाने त्यांच्या वर्गात गोवर निघाला आणि लस न घेतलेल्यांना तीन आठवडे कॅम्पसवर यायला मनाई झाली, तर कागद म्हणेल हे सुरक्षित आहेत, आणि ताप चढेल तो त्यांना.

काकांना नाही म्हणायला जीभ अडखळत असेल तर नाही म्हणूच नकोस. फॉर्म घेऊन जा आणि म्हण, 'काका, सही तुमचीच पाहिजे, पण तारखा आजच्या. लस तुम्हीच टोचा.' त्यांच्या फ्रीजमध्ये एमएमआर नसेल तर सांगलीहून मागवतील. बर्फाच्या डब्यातून आणायला सांग, एसटीच्या टपावरून नको.

या सोमवारी सकाळी रक्त दे. आणि नवीन कार्ड झालं की मूळ प्रत तू ने, झेरॉक्स आईला दे. ती कुठे ठेवायची हे तिला सांगावं लागणार नाही.

— तुझी डॉक्टरमावशी